झाड वांझ नव्हते

आपल्या परसात पपईचे झाड आहे काय? असल्यास ते फळ धरते, की नुसतेच वाढते? हा प्रश्न वाचताच पुष्कळ गृहिणींना एखादे झाड आठवेल. त्याला पाणी घातले, शेणखत दिले, पोराबाळांच्या हातांपासून आणि शेजारच्या शेळीपासून जपले. आणि वर्ष उलटल्यावर त्याच्या नशिबी कोयता आला. "वांझ निघाले मेले," एवढेच म्हणून आपण ते तोडले. तो शब्द खरा होता काय, हे आज आपण पाहू. एका वेळी आमच्याही घरात तो शब्द उच्चारला गेला आणि तो चुकीचा ठरला, म्हणून हा प्रपंच.

भिलाई हे गाव पोलादासाठी प्रसिद्ध आहे. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात फेब्रुवारी १९५५ मध्ये झालेल्या करारातून येथील कारखाना उभा राहिला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर वसाहत वाढली व तीत देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली. विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही त्यांत होती. आमचे त्यांपैकीच एक. १९५६ पर्यंत ह्या भागाचा कारभार नागपुराहून चाले, त्यामुळे हा मुलूख आम्हांस कधी परका वाटला नाही. आज भिलाई छत्तीसगड राज्यात आहे. मी सांगते ती गोष्ट १९८४ सालची, तेव्हा ती मध्य प्रदेशात होती.

आमच्या क्वार्टरमागे लहानसे परस होते. तेथे आम्ही पपईची सहा रोपे लावली. पावसाळा संपता संपता त्यांना फुले आली. तिघांवर लांब, लोंबते तुरे आले. त्यांवर नाजूक, पांढुरकी फुले होती, परंतु फळाचा पत्ता नव्हता. उरलेल्या तिघांवर पानांच्या बगलेत टपोरी फुले आली. तुऱ्यांची झाडे उगाच माती खातात, असे म्हणून ती आम्ही तोडली. पुढे दीड महिना टपोरी फुले येत राहिली आणि एकेक करून गळत राहिली. दिवाळीला सासूबाई आल्या. त्यांनी झाडांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "हीही वांझच दिसतात. काढून टाका."

त्या वेळी माझी धाकटी जाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या लग्नाला चार वर्षे झाली होती. सासूबाईंच्या मनात काही नव्हते; तरीही तिने मान खाली घातली, हे मी पाहिले.

पलीकडच्या घरी शिवनाथ नदीकाठच्या एका खेड्यातील वृद्ध बाई राहत असत. त्यांना आम्ही सारे काकी म्हणत असू. भिंतीवरून त्यांनी आमचे बोलणे ऐकले आणि झाडे तोडू नका, असे निक्षून सांगितले. झाडांत दोष नाही, त्यांचा जोडीदार तुम्हीच तोडून टाकलात, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी भावाच्या वाडीतून तुऱ्याची एक ताजी डहाळी मागवली. तीवरील उमललेले फूल खुडून, त्याच्या पाकळ्या सोलून, आतील पिवळी भुकटी त्यांनी आमच्या झाडांच्या उमलत्या फुलांच्या टोकाला हलकेच टेकवली. जावेला त्यांनी हाक मारली, "ये नोनी, तूही कर." दोघींनी मिळून दहा-बारा फुलांना पराग लावला. आठवडा गेला, त्यांतील बहुतेक फुले जागीच राहिली. आणि मग पाकळ्या झडून हिरवे गोळे दिसू लागले.

तीन प्रकारची घरे

वाचकहो, काकींनी केले त्यात जादू नव्हती. फळ धरण्यासाठी नरफुलातील परागकण मादीफुलाच्या टोकावर पोहोचावे लागतात. हे कार्य वेगवेगळ्या वनस्पतींत वेगवेगळ्या रीतीने घडते.

जास्वंदीच्या किंवा वांग्याच्या फुलात नर व मादी हे दोन्ही भाग एकाच फुलात असतात. भोपळा, दोडका, कारले यांच्या एकाच वेलीवर काही फुले नर तर काही मादी असतात. तिसऱ्या प्रकारात मात्र नर आणि मादी ही झाडेच निराळी असतात. ताड, शिंदी, खजूर, कोकम, परवळ, तोंडली, आणि जुन्या जातींची पपई ही सारी ह्या तिसऱ्या प्रकारात मोडतात. उन्हाळ्यात छत्तीसगडच्या बाजारात तेंदूची, म्हणजे आपल्या टेंभुर्णीची, पिवळी फळे येतात. ती मादी झाडांचीच असतात. नर तेंदू विडीसाठी पान देईल, परंतु फळ कधीच देणार नाही.

हे ज्ञान व्यवहारात फार जुने आहे. मेसोपोटेमियातील खजुराचे बागायतदार हजारो वर्षांपूर्वी नर झाडाचा तुरा मादी झाडावर नेत असत, आणि कच्छमधील बागायतदार आजही हे काम हातानेच करतात. शास्त्राने मात्र ते उशिरा सिद्ध केले. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे काम्मेरारियस ह्या पंडिताने वनस्पतींवर प्रयोग करून १६९४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. नर तुती जवळपास नसताना मादी तुतीला फळे आली, परंतु त्यांतील बिया पोकळ निघाल्या, असे त्याला आढळले.

आपल्या देशातही ह्या विषयावर महत्त्वाचे काम झाले आहे. आपल्या रोजच्या जेवणातील तोंडलीच्या पेशी तपासून कुमार व देवडीकर ह्या दोघा शास्त्रज्ञांनी १९४० साली 'करंट सायन्स' ह्या नियतकालिकात दाखवून दिले, की ह्या वेलीत नर-मादी ठरवणारी वेगळी गुणसूत्रे असतात. माणसांतही मुलगा की मुलगी हे अशाच गुणसूत्रांनी ठरते. म्हणजे वेल नर निघणार की मादी, हे बी तयार होतानाच ठरलेले असते. नंतर आपण तिला किती खत घातले, ह्यावर ते अवलंबून नसते.

पपईची ओळख

पपई ओळखणे कठीण नाही. नर झाडाची फुले लांब, फांद्याफांद्यांच्या, लोंबत्या तुऱ्यावर येतात; ती बारीक व नळीसारखी असतात. मादी झाडाचे फूल मोठे असते, आखूड देठावर खोडाला बिलगून येते, आणि पाकळ्या बाजूला केल्यास आत एक चिमुकली पपईच दिसते. तिसरे झाड उभयलिंगी असते. त्याच्या एकाच फुलात दोन्ही भाग असतात, आणि त्याचे फळ बहुधा लांबट असते. मादी झाडाचे फळ गोलसर असते.

येथे एक समजूत दूर करणे अवश्य आहे. नर पपईला लोखंडी खिळा ठोकला किंवा तिचा शेंडा छाटला, की ती मादी होते, असे पुष्कळ लोक सांगतात. पोलादाच्या गावी खिळ्यांना काय तोटा! तथापि खिळ्याने गुणसूत्रे बदलत नाहीत. ऋतुमानाप्रमाणे एखाद्या नर झाडावर क्वचित फळ धरणारी फुले येतात आणि लांब देठाला लहान पपया लोंबू लागतात. कोणी नेमका त्याच सुमारास खिळा ठोकला असेल, तर श्रेय त्या खिळ्याला मिळाले असावे.

पतंगाची चूक

नर झाड जवळच का असावे लागते, ह्याचे कारण मोठे मनोरंजक आहे. पपईची फुले संध्याकाळी मंद सुगंध देतात, आणि त्या वेळी मोठे पतंग त्यांवर येतात. नरफुलात मध असतो. मादीफुलात तो नसतो. मग पतंग मादीफुलाकडे जातोच कशाला? हर्बर्ट बेकर ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९७६ साली ह्याचे उत्तर असे दिले, की तो चुकून जातो. नरफुलांवरून नरफुलांवर हिंडताना, संधिप्रकाशात, रंगाने व वासाने सारखेच वाटणारे मादीफूल तो चाचपतो, मध न मिळाल्याने निघून जातो, आणि जाताना अंगावरचे पराग तेथे ठेवून जातो.

ह्यातून आपणांस दोन गोष्टी कळतात. ज्या परसात एकही नर झाड नाही, तेथे पतंगाने यावे असे काहीच नाही. आणि नर झाड असले, परंतु ते घराच्या दुसऱ्या अंगाला किंवा उंच भिंतीआड असले, तर पतंगाची ती उपकारक चूक घडण्याचा संभव कमी होतो. आमची मादी झाडे फुलत होती आणि गळत होती, त्याचे मर्म हेच. पराग न मिळालेले फूल बहुधा गळून जाते. क्वचित फळ धरलेच, तर ते लहान व बिनबियांचे राहते.

किती झाडे, कोठे लावावी?

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. प्रथम बियाण्याच्या पाकिटावर जातीचे नाव पाहावे. हल्ली बाजारात मिळणाऱ्या तैवानी रेड लेडीसारख्या जाती, त्याचप्रमाणे पुसा डेलिशस, कूर्ग हनी ड्यू व सूर्या ह्या जाती उभयलिंगी व मादी झाडे देतात. त्यांत निराळ्या नर झाडाची गरज पडत नाही. पुसा ड्वार्फ, पुसा नन्हा, वॉशिंग्टन ह्या जातींत आणि पुष्कळशा गावठी पपयांत मात्र नर व मादी झाडे वेगळी असतात. पुढील सूचना ह्या दुसऱ्या गटासाठी आहेत.

ह्या गटाच्या बियांतून सरासरी निम्मी झाडे नर व निम्मी मादी निघतात, आणि फूल येईपर्यंत ती ओळखता येत नाहीत. म्हणून प्रत्येक खड्ड्यात एकच रोप लावणे हा तोट्याचा व्यवहार होय. एका खड्ड्यात दोन रोपे लावल्यास सरासरीने चार खड्ड्यांतील एक खड्डा नुसत्या नरांचा निघेल. तीन रोपे लावल्यास मात्र आठ खड्ड्यांतील एकच तसा निघेल. उरलेल्या सातांत निदान एक तरी मादी असेल. बागायतीचा सर्वसाधारण नियम दहा मादी झाडांस एक नर असा आहे. म्हणजे तीन रोपांची पद्धत पाळल्यास हिशेब जवळजवळ आपोआपच जुळतो!

खड्डे सुमारे सहा-सहा फुटांवर, दीड ते दोन फूट खोल घ्यावेत. एकाच खड्ड्यातील रोपे परस्परांपासून वीतभर तरी दूर असावीत. पपईच्या मुळांशी पाणी साचून राहिल्यास झाड दोन-तीन दिवसांतच मरू शकते. छत्तीसगडच्या काळ्या कन्हार जमिनीत किंवा आपल्या विदर्भातील काळ्या रानात हा धोका विशेष असतो. अशा ठिकाणी रोप उंचवट्यावर लावावे व खोडाभोवती मातीची भर द्यावी.

पाच-सहा महिन्यांनी फुले येऊ लागली, की घाई करू नये. नर झाडे बहुधा मादीच्या आधी फुलतात, आणि आमच्यासारखी उतावीळ माणसे कोयता तेव्हाच उचलतात. सर्व झाडे फुलू द्यावीत. मग प्रत्येक खड्ड्यातील सर्वांत सशक्त मादी झाड राखून बाकीची काढावीत. एक नर झाड मात्र ठेवलेच पाहिजे. शक्य तर ते झाडांच्या मधोमध असावे. एकच ओळ असेल, तर ओळीच्या मध्यावर असावे. त्याच्या आणि मादी झाडांच्या मध्ये भिंत वा घर येऊ देऊ नये.

परसात दोन-तीनच झाडांना जागा असेल, तर त्यांतील एक नरासाठी देणे कोणालाही जड जाईल. अशा वेळी शेजारधर्म कामी येतो. वसाहतीतील क्वार्टरांची परसे पाठीला पाठ लावून असतात. चार घरांच्या कोपऱ्यावर लावलेले एक नर झाड चारही घरांना पुरते. त्या झाडाला पाणी कोणी घालायचे, एवढे मात्र आधी ठरवून घ्यावे! आणि तेही न जमल्यास काकींची रीत आहेच: ताजे नरफूल आणावे व पराग हाताने लावावा.

परवळ, तोंडली आणि इतर

परवळाच्या वेलीस तर नराची गरज ह्याहून कडक आहे. पराग न मिळाल्यास तिचे कोवळे फळ थोड्याच दिवसांत पिवळे पडून गळते. परंतु येथे आपल्याला एक सोय आहे. परवळ बियांपासून न लावता वेलीच्या तुकड्यांपासून लावतात, आणि मादी वेलीच्या तुकड्यापासून मादीच वेल होते. त्यामुळे नर कोठे असावा, हे लावतानाच ठरवता येते. नऊ मादी वेलींमागे एक नर वेल, आणि ती सबंध मळ्यात सारख्या अंतराने विखुरलेली, असा क्रम ठेवावा. ओळख सोपी आहे: मादीफुलाच्या खाली लवदार, इवलेसे फळ दिसते, नरफुलाखाली ते नसते. हाताने पराग लावायचा असल्यास भल्या पहाटे लावावा.

तोंडली, जिला भिलाईच्या बाजारात कुंदरू म्हणतात, तीही तुकड्यांपासूनच लावतात. तिच्या लागवडीतील पुष्कळ वेली परागाविनाही फळ धरतात. म्हणून शेजारणीच्या चांगल्या धरणाऱ्या वेलीचा तुकडा आणला, तर नर वेल शोधत बसण्याची गरज सहसा पडत नाही.

कोकणातील वाचकांना कोकमाचा अनुभव असेलच. बियांपासून वाढवलेल्या रातांब्यांत सुमारे निम्मी झाडे नर निघतात, आणि हे कळण्यास सहा-आठ वर्षे जातात. म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने मादी झाडाच्या काडीपासून कलमे करण्याची शिफारस केली, आणि 'कोकण अमृता'सारखी जात दिली. कलमांच्या बागेतही थोडी नर झाडे राखावीच लागतात.

पार उत्तरेस, लडाखच्या थंड वाळवंटात, सीबकथॉर्न नावाचे काटेरी झुडूप होते. त्याच्या आंबट, नारिंगी फळांचा रस आता देशभर ठाऊक झाला आहे. त्याचे पराग वारा वाहून नेतो, पतंग नव्हे. म्हणून तेथे नर झुडूप वाऱ्याच्या येण्याच्या दिशेला लावतात आणि सहा ते आठ मादी झुडपांमागे एक असे प्रमाण धरतात. पराग नेणारा कोण, हे प्रथम ओळखावे, आणि मग नराची जागा ठरवावी, एवढे सूत्र लक्षात ठेवले तर कोणत्याही प्रांतातील वाचकाचे काम भागेल.

शब्द जपून वापरावा

शेवटी पुन्हा आमच्या परसाकडे येऊ. त्या हिवाळ्यानंतर आमच्या तीन झाडांनी फळे दिली. 'अ' आणि 'क' जीवनसत्त्वांनी भरलेले ते फळ घरातील मुलांना रोज मिळू लागले. सासूबाई पहिली पपई कापताना म्हणाल्या, "आपण दोन्ही झाडांना वांझ म्हटले. एकाने पराग दिला असता, दुसरीने फळ दिले असते. वांझ कोणीच नव्हते." एवढे बोलून त्यांनी पहिली फोड धाकट्या जावेच्या हातात ठेवली.

माणसांची गोष्ट झाडांइतकी सोपी नसते, हे खरे. तथापि घरात मूल नसले, म्हणजे सर्वांची दृष्टी प्रथम सुनेकडेच का जावी? मूल न होण्याचे कारण पुष्कळ जोडप्यांत पतीच्या बाजूचे असते, कित्येकदा दोघांच्याही बाजूंचे असते. आणि त्यांतील अनेक कारणांवर आज उपाय आहेत. म्हणूनच तपासणी दोघांचीही व्हावी, आणि ती एकाच वेळी व्हावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. त्या वर्षी माघात माझे दीर आणि जाऊ बरोबरच डॉक्टरांकडे गेले. पुढे काय झाले, हा त्या दोघांचा खाजगी विषय आहे. परंतु तो शब्द मात्र आमच्या घरात पुन्हा कोणी उच्चारला नाही, झाडासंबंधीसुद्धा नाही.

वाचकहो, ह्या पावसाळ्यात आपण पपई लावाल, तेव्हा खड्ड्यात तीन रोपे लावा. फुले आली की जवळ जाऊन पाहा. आणि हातात कोयता घेण्यापूर्वी शेजारच्या काकींना एकदा विचारा.